खाडीकडे तोंड केलेला थांबा

आमच्या वाडीत मी आर्किटेक्ट आहे हे सगळ्यांना माहीत आहे, फक्त त्याचं काय करायचं हे कुणाला माहीत नाही. घर बांधायचं तर सुदेश गवंडी आहे. वास्तू बघायची तर भटजी आहेत. तंटा झाला तर सत्यवानकाका आहेत. ते देवळातले मानकरी आणि पंचायतीचे सदस्य असे दोन्ही असल्यामुळे देव आणि सरकार एकाच पडवीतून चालतं. या सगळ्यांच्या मधे आर्किटेक्टाने उभं राहायचं कुठे? मी आपली लेकीला, अवनीला, कडेवर घेऊन मागीलदारी उभी राहते.

त्यातून मी मिनिमलिस्ट. म्हणजे काय, ते सासूबाईंना समजावून सांगायचा मी एकदा प्रयत्न केला होता. म्हटलं, आई, जे नसलं तरी चालेल ते सगळं काढून टाकायचं, मग जे उरतं ते खरं घर. त्यांनी सुकटं निवडता निवडता बराच विचार केला आणि विचारलं, "आणि ह्यां शिकाक पुण्याक जावचां लागता?"

पुण्याच्या ऑफिसात आमचे सर एकच शब्द बोलत. ड्रॉइंग समोर ठेवलं की डोळे बारीक करून बघत आणि म्हणत, "काढ." काय काढ, ते सांगत नसत. आपण खिडकी काढावी, तर पुन्हा "काढ." एका बंगल्याच्या मालकाने जिना कुठे आहे असं विचारलं तेव्हा आमच्या ध्यानात आलं की तो आदल्या आठवड्यातच काढला गेला होता. लोक हसतात, पण त्या ऑफिसातल्या पांढऱ्या भिंतीची आणि तिच्यासमोरच्या माझ्या रिकाम्या टेबलाची मला इतकी आठवण येते, की दुपारी अवनी निजली की मी स्वयंपाकघरातल्या फळीकडे बघून डोळे बारीक करते आणि हळूच म्हणते, "काढ." फळीवर कोकमाच्या, सुक्या जवळ्याच्या, लोणच्याच्या बरण्या असतात. एकीलाही हात लावता येत नाही. नवरा पुण्यात, टेबल पुण्यात, आणि मी इथे बरण्यांसमोर.

अशाच एका दुपारी गंगारामकाका आले. त्यांचा सगळा जन्म मुंबईत छापखान्यात गेला. चतुर्थीला आणि मे महिन्यात तेवढे गावी यायचे. घर, भात, माड, मुलगा, सगळं इथे रुक्मिणीकाकींनी सांभाळलं. काका कायमचे परत आले आणि काकींनी थोडाच काळ त्यांना जेवू घातलं. मग त्या गेल्या. आता काका एकटेच पेज करून जेवतात आणि त्यांचा मुलगा विराज त्यांना ठाण्याला न्यायच्या मागे लागलेला आहे. ते पायरीवर टेकले, टोपी गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, "शिमगो झालो की विराज माका घेवन जातलो. तेच्या आदी वळणार येक बसाक जागा करून दी गो. मी मुंबयसून इलंय काय रुक्मिणी थंय उभी आसायची. उन्हात नि पावसात. बसाक कायेक नव्हतां. जावच्या आदी माका थंय बसाचां आसा."

त्यांचं बोलणं पुरतं व्हायच्या आत मी हो म्हटलं. खरं तर त्यांनी गोठा बांधून मागितला असता तरी म्हटलं असतं.

वळण म्हणजे आमच्या वाडीचा बसथांबा. थांबा म्हणायला तिथे फक्त एक माड होता आणि त्याच्या सावलीत उभं राहणारी माणसं दिवसभर त्या सावलीबरोबर सरकत असत. एका अंगाला रस्ता, दुसऱ्या अंगाला खाडी. अवनीच्या दुपारच्या झोपांमधून मी चित्र काढलं. दोन टोकांना चिऱ्याचे दोन खांब, वर एक सपाट छप्पर, मधे एक पांढरी भिंत आणि भिंतीला टेकून एक लांब बाक. बस. सासूबाईंनी कागद उलटा करून मागेही काही आहे का ते बघितलं.

बाक मी खाडीकडे तोंड करून ठेवला होता. यात विचार करण्यासारखं काही आहे असं मला तेव्हा वाटलंच नाही. एकीकडे संध्याकाळी पितळेच्या परातीसारखं चकाकणारं पाणी, पलीकडच्या तीरावरचे माड, उतरत्या पाण्यात कालवं काढणाऱ्या बायका. आणि दुसरीकडे खड्डे आणि सत्यवानकाकांचा टेम्पो. शहाणा माणूस कुठे तोंड करील? मी रस्त्याच्या अंगाला भिंत घातली आणि टेम्पो माझ्या वास्तुकलेतून कायमचा वगळला.

सुदेश गवंड्याने तो कागद हातात धरला, फिरवला, पुन्हा फिरवला. "वयनी, रस्तो खंयच्या बाजूक?"

मी दाखवलं.

"आणि माणसां खंय बघतली?"

"खाडीकडे."

"आणि गाडी?"

त्यावर मी जे वाक्य बोलले ते आमच्या वाडीत अजून सांगतात. मी म्हटलं, "गाडी काय, येतेच."

मग सल्ले सुरू झाले. आमच्या शेजारच्या सुशीलाकाकी पर्यटकांना खोल्या देतात. त्यांचं म्हणणं असं की छपरावर सिमेंटचे दोन डॉल्फिन बसवावेत, म्हणजे माणसं थांबून फोटो काढतील आणि फोटो काढता काढता खोली मागतील. सत्यवानकाकांना कमान हवी होती, कमानीवर गावाचं नाव, खाली रुक्मिणीकाकींचं नाव आणि त्याखाली ज्यांच्या प्रयत्नांनी हे झालं त्यांचं, म्हणजे स्वतःचं नाव. कुणी तुळशीवृंदावन सुचवलं. सासूबाईंनी सुचवलं की काही नाही तरी निदान भिंतीत देवळी ठेव, दिवा लावता येईल. मी सगळ्यांना नम्रपणे नाही म्हणत गेले आणि प्रत्येक नाहीबरोबर माझं वय थोडं थोडं कमी होत गेलं. पुण्यात असताना मी दिवसाला अशा किती तरी गोष्टी नाकारत असे. लग्नानंतर कुणी मला विचारतच नव्हतं, तर नाकारणार काय?

परवानगीसाठी अवनीला घेऊन तालुक्याला गेले. रस्ता एका खात्याचा, रस्त्याची कड दुसऱ्याची, आणि कडेच्या पलीकडची जमीन भरतीला एकाची आणि ओहोटीला दुसऱ्याची, असं तिथे समजलं. चौथ्या टेबलावरचे साहेब भले गृहस्थ होते. अवनी खेळेल म्हणून त्यांनी आपण होऊन शिक्क्याची पेटी तिच्यापुढे सरकवली.

"खिडक्या किती?"

"नाहीत."

"दारं?"

"नाहीत."

"भिंती तरी?"

"एक."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मॅडम, एका भिंतीला बांधकाम म्हणत नाहीत. त्याला गडगा म्हणतात, कुंपणाचा."

"गडग्याला परवानगी लागते का?"

"नाही."

"मग गडगा लिहा."

"पण गडग्याला छप्पर नसतं ना," ते अतीव दुःखाने म्हणाले. त्यांचंही बरोबर होतं. आम्ही दोघं बराच वेळ त्या प्रश्नाच्या दोन बाजूंना बसून राहिलो. तेवढ्यात अवनीने शाईची गादी चाखून बघितली आणि जांभळ्या तोंडाने असा काही सूर लावला की आजूबाजूची टेबलं उभी राहिली. तिला पाणी, टॉवेल, कुणाच्या डब्यातलं केळं असं सगळं होईस्तोवर साहेबांनी घाईघाईने काहीतरी लिहून सही ठोकली. बाहेर येऊन वाचलं. माझं पहिलं स्वतंत्र काम सरकारदरबारी 'गडगा (सछप्पर)' म्हणून नोंदलं गेलं आहे.

काम सुरू करायचं म्हणजे आधी देवाला गाऱ्हाणं घालायला हवं. वळणावर नारळ ठेवला, वाडी जमली, सत्यवानकाकांनी हात जोडले आणि डोळे मिटून देवाला हाक घातली.

"बा देवा म्हाराजा, ह्या वळणार गंगारामान रुक्मिणीच्या नावान बसाक जागा करूचां मनात आणल्यान आसा, तां तडीक ने रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," वाडी म्हणाली.

"सुदेशाच्या हाताक यश दी, आणि तेका सांजवेळार भानार ठेव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." यात सुदेशचाही आवाज होता.

"आणि ही आमची सून शिकलेली आसा, गुणाची आसा, पण तिका रस्तो खंय आसा तां दिसणा नाय. तिका डोळे दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." या खेपेला सगळ्यांत मोठा आवाज माझ्या सासूबाईंचा होता. आणि सांगायला लाज वाटते, पण लयीत लय मिळून गेली आणि मीही व्हय म्हटलं.

देवाने बाकीचं सगळं ऐकलं. थांबा उभा राहिला, आणि तो सुंदर होता. हे मी स्वतःच सांगायला नको, पण दुसरं कुणी सांगत नाही. भिंतीला चुन्याचा हात इतका गुळगुळीत झाला होता की संध्याकाळी पाण्यावरचा उजेड तिच्यावर येऊन हलत बसे. मी सुदेशच्या उरावर बसून ती भिंत करून घेतली होती. अवनी तिला हात लावून उभी राहायला शिकली. फोटो काढून सरांना पाठवला. आठवड्याने सरांनी अंगठा पाठवला. नुसता अंगठा, पण ज्यांनी सरांबरोबर काम केलंय त्यांना विचारा, सर अंगठा पाठवत नाहीत. मी तो देवेशला दाखवला, सासूबाईंना दाखवला, दूधवाल्यालाही दाखवला. देवेश म्हणजे माझा नवरा. तो शनिवार धरून पुण्याहून येतो आणि रविवारी रात्री जातो. त्यातला अर्धा वेळ झोपतो आणि उरलेला वेळ अवनी त्याची ओळख पटवून घेते.

उद्घाटनाला गंगारामकाकांनी धुवट सदरा घातला होता. त्यांना बाकावर मधोमध बसवलं. त्यांनी समोर पाण्याकडे बघितलं, मग डावीकडे, उजवीकडे, मग जरा मान वळवून मागच्या भिंतीकडे. "बरां झालां," ते म्हणाले. "थंड वाटता." माझा ऊर भरून आला. सत्यवानकाकांनी नारळ फोडला, सगळ्या वाडीने खाडीकडे तोंड करून टाळ्या वाजवल्या, आणि मालवणची गाडी आमच्या सगळ्यांच्या पाठीमागून निघून गेली.

त्या दिवशी सगळे हसले. दुसऱ्या दिवशी सत्यवानकाकांची गाडी चुकली आणि हसणं बंद झालं, कारण त्यांची मालवणला कोर्टात तारीख होती. ड्रायव्हरचंही खोटं नव्हतं. त्याला रस्त्यावरून एक पांढरी भिंत दिसत होती. भिंतीसाठी गाडी कोण थांबवील? जरा पुढे गेल्यावर आरशात माणसं दिसत, तीही पाण्याकडे टक लावून बसलेली. तो म्हणाला म्हणे, की अशी पाठ करून बसलेल्या सगळ्यांसाठी थांबत गेलो तर उद्या देवळात भजनाला बसलेल्यांसाठीही थांबायला लागेल.

मग वाडीने उपाय सुरू केले. सुदेशने आपल्या जुन्या स्कूटरचा आरसा माडाला बांधला. त्या आरशात गाडी यायची लांब, इवलीशी, आणि माणसं तिला निवांत येऊ देत. आरशात ती मोठी होईपर्यंत खरी गाडी गेलेली असे. मग काठीला लाल फडकं लावलं. पहिल्याच दिवशी ड्रायव्हरला पुढे रस्ता खचलाय असं वाटून त्याने असा ब्रेक मारला की टपावरच्या आंब्याच्या रिकाम्या पेट्या खाडीत गेल्या. शेवटी असं ठरलं की एकाने बाहेर उन्हात उभं राहून रस्त्याकडे बघायचं, म्हणजे बाकीच्यांना आत बसता येईल. कुणी उभं राहायचं यावरून दोन घरांत बोलणं बंद झालं.

मात्र बस सोडून बाकी कशासाठीही तो थांबा उत्तम होता. दुपारी तिथे पत्ते बसत. बायका सांजवात करून गजालींना, म्हणजे गप्पांना, येत. छपरावर सुंगटं, म्हणजे कोळंबी, फार छान वाळतात हा शोध सुशीलाकाकींचा. भिंतीच्या रस्त्याकडच्या अंगावर आधी सत्यवानकाकांच्या वाढदिवसाचा बॅनर आला, मग खोल्यांचा बाण, मग शिकवणीची जाहिरात. मी एका दुपारी अवनीला पाठीशी बांधून सगळ्यावर चुना फासला. दुसऱ्या दिवशी सुशीलाकाकींनी मनापासून आभार मानले. आधीच्या रंगावर त्यांची अक्षरं नीट उठत नव्हती म्हणे.

सत्यवानकाकांनी बैठक बोलावली. त्यांची योजना साधी होती. भिंतीला रस्त्याच्या बाजूनेही बाक करायचा, त्यावर पुढे काढलेला पत्रा, पत्र्याला नळ्यांचे खांब, खांबांना फरशी, आणि एवढं करतोच आहोत तर कमानही. मी उभी राहिले आणि म्हटलं, माझ्या थांब्याला एक चिरासुद्धा वाढवू देणार नाही. सुनेने बैठकीत आवाज चढवल्यामुळे सगळ्यांनी माना वळवल्या. मग सासूबाई समोरच्या रांगेतून म्हणाल्या, "वाढवू नको, मगे फिरव." वाडी हसली. मी घरी येऊन देवेशला फोन केला. तो म्हणाला, अगं, एक बाक वाढवला तर काय बिघडलं? मी फोन ठेवला, आणि मग तो शनिवारी येणार आहे ना हे विचारायला पुन्हा लावला.

शनिवारी मी त्याला घ्यायला वळणावर गेले. दर शनिवारी जाते. कुठे उभी राहत होते ते मात्र मी कुणाला सांगितलेलं नव्हतं. थांब्याच्या बाहेर, उन्हात, खाडीकडे पाठ करून. कुणी विचारलंच तर बांधकामाची पाहणी चाललीय असं सांगायचं ठरवून ठेवलं होतं.

त्या दिवशी बघते तर माझ्याही आधी गंगारामकाका तिथे उभे. डोक्यावर छत्री, रस्त्याकडे डोळे. उद्घाटनाच्या दिवसानंतर ते एकदाही आत बसलेले दिसले नव्हते, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. म्हटलं, काका, बसा की आत, सावली आहे. ते नको नको म्हणाले. पाय दुखतील म्हटलं, तर म्हणाले, दुखांदे. मी फारच मागे लागले तेव्हा ते अगदी अपराध्यासारखे बोलले.

"आत बसलंय काय खाडी दिसता गो. रुक्मिणी खाडी बघूक येय नाय होती. ती ह्या रस्त्याकडे बघीत उभी रवायची. तिका हंयसून काय दिसायचां, तां माका बघूचां होतां. मी हां वळण जल्मभर गाडयेतसूनच बघलंय." आणि लगेच, माझं तोंड उतरलेलं बघून, "तुजां काम बरां झालां हां. कोणय सांगतलो."

शिमगा जवळ आला होता. विराजने ठाण्यात त्यांच्यासाठी खोली रिकामी केल्याचा निरोप आला होता. आणि ज्यांनी बसायला जागा मागितली होती ते माझ्या थांब्याशेजारी उन्हात उभे होते.

गाडी आली. देवेश उतरला. मी त्याच्याशी काय बोलले ते आठवत नाही. घरी जाताना त्याने विचारलं की तू भिंतीकडे अशी डोळे बारीक करून का बघत होतीस.

दोन दिवस मी कागद खराब केले. भिंतीला खिडकी पाडून बघितली. आरसा बसवून बघितला. बाक अर्धा इकडे आणि अर्धा तिकडे करून बघितला. प्रत्येक चित्रात काहीतरी वाढत होतं आणि शेवटी सत्यवानकाकांची कमानच उरत होती. आणि मग कळलं. छप्पर दोन खांबांवर होतं. भिंतीवर काहीच नव्हतं, माझ्या जिवाशिवाय. भिंत काढली की बाक तेवढा राहतो, आणि नुसत्या बाकाला तोंड कुठे असतं? ज्याला जिकडे बघायचं तिकडे त्याने पाय सोडावेत. इतकं सोपं होतं की मला रडू आलं. त्या सगळ्या थांब्यात मला खरोखर आवडलेली ती भिंत हीच एक गोष्ट होती.

सुदेशला सांगितलं तर तोच कासावीस झाला. "वयनी, इतकी बरी भिंत माज्या हातसून परत होवची नाय." मी म्हटलं, पाड. पण ती पडेना. आमच्या तालुक्यातल्या सगळ्या भिंती पावसात कधी ना कधी झुकतात. ही एकच मी समोर बसून बांधून घेतलेली, ती घणाला दाद देईना. वाडी गोळा झाली. खालून फोड, वरून फोड, कोपरा धर, असे सल्ले दोन्ही बाजूंनी आले. सत्यवानकाकांनी आपला वाढदिवसाचा बॅनर आधी सोडवून घडी करून घेतला. शेवटी भिंत गेली तेव्हा खाडीवरचा वारा पहिल्यांदाच सरळ रस्त्यावर आला आणि पलीकडच्या सुशीलाकाकींच्या दोरीवरचे कपडे उडाले. याबद्दल त्या मला अजून बोलतात. तालुक्याच्या साहेबांना कळवणं माझं कर्तव्य होतं. फोनवर कागद चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाले, म्हणजे आता गडगा गेला आणि नुसतं 'सछप्पर' राहिलं; मॅडम, तुम्ही कृपा करून आणखी काही काढू नका.

त्याच संध्याकाळी काका आले. छत्री मिटली आणि रस्त्याकडे तोंड करून बाकावर बसले. मी अवनीला घेऊन दुसऱ्या बाजूने बसले, पाण्याकडे, म्हणजे त्यांना मोकळं वाटावं. आमच्या पाठी एकमेकींना लागायला आल्या होत्या. आधी गाडीचा आवाज आला. मग मला पाण्याकडे बघवेना. मी मान वळवली. रस्त्याच्या टोकाला माडांची रांग आहे, तिथे गाडी दिसायला लागली, लहान, मग मोठी, आणि अगदी समोर येऊन थांबली, कारण या खेपेला ड्रायव्हरला एक माणूस सरळ त्याच्याकडे बघताना दिसत होता. कंडक्टरने दार उघडून विचारलं, खंय जावचां? काका म्हणाले, "खंय नाय. तुमी जावा." कंडक्टरने माझ्याकडे बघितलं, मी खाडीकडे बघितलं. गाडी गेली.

धूळ बसल्यावर मी विचारलं, "दिसलं काका?"

"माका गाडयेतसून ती लांबसून दिसायची गो," ते म्हणाले. "त्या माडांकडसून. साडयेचो रंग दिसलो काय माजो जीव भांड्यात पडायचो. हंयसून बघलां तर गाडयेचे खिडके नुसते काळे. आत कोण आसा तां कळणा नाय. दार उघडासर तिका म्हायतीच नसतलां, मी इलंय काय नाय तां." मग म्हणाले, "कधी रजा गावायची नाय, मी येवकच नाय. तेव्हाय ती हंय उभी आसतलीच."

अवनीने त्यांची टोपी ओढून घेतली होती. ती सोडवून घ्यायचंही त्यांना सुचलं नाही.

"खिडकेतसून हात भायर काढूक व्हयो होतो माका," ते म्हणाले. "येकदा तरी."

सर असते तरी यातून काढण्यासारखं त्यांना काही सापडलं नसतं.

त्यानंतर काका रोज येऊन बसत. सकाळची गाडी, दुपारची, संध्याकाळची. ड्रायव्हर थांबत, काका हाताने 'जावा' म्हणत. कुणीच तक्रार केली नाही, कंडक्टरनेही नाही. शिमगा झाला. विराज स्वतःची कार घेऊन न्यायला आला. काकांनी त्याला सांगितलं, सामान तुझ्या कारमधून ने, मी मालवणपर्यंत गाडीने येतो. तो बिचारा मागून कार चालवत जायला कबूल झाला.

सगळी वाडी वळणावर आली. आधी आलेले रस्त्याकडे तोंड करून बसले, उशिरा आलेल्यांना खाडीकडची बाजू मिळाली, आणि गाडीचा आवाज आल्यावर त्यांनीही बसल्या बसल्या पाय उचलून तोंडं फिरवली. सासूबाईंनीसुद्धा, लुगडं सावरत, माझा खांदा धरून. सत्यवानकाकांनी देवाला थोडक्यात गाऱ्हाणं घातलं, आम्ही व्हय म्हटलं, आणि काका चढले. त्यांना आमच्या बाजूची खिडकी मिळाली.

गाडी हलली आणि खिडकीतून हात बाहेर आला. सगळा, खांद्यापर्यंत. "आजोबा, हात आत घेवा," कंडक्टर ओरडला. हात आत गेला. आम्ही सगळ्यांनी आपापले हात वर केलेलेच होते, मी अवनीचाही धरून वर केला होता.

माडांपाशी पोचल्यावर तो हात पुन्हा बाहेर आला, आणि गाडी वळेपर्यंत हलत राहिला. आमच्याकडे नव्हे. आमच्या जरा डावीकडे, जिथे सावली येत नाही तिथे.